कंबर, कोटा आणि आठवा क्रमांक

पत्र : मी 16 वर्षांचा आहे, सांगली जिल्ह्यातून लिहितोय. उजव्या हाताने मध्यमगती बॉलिंग करतो. शाळेच्या टीममध्ये तिसऱ्या नंबरवर बॅटिंगला जातो, अकादमीच्या टीममध्ये आठव्या. मला इंटरनॅशनल लेव्हलचा बॉलिंग ऑलराउंडर व्हायचंय. सर म्हणतात, दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस, एक काहीतरी निवड. बाबा म्हणतात, हल्ली ऑलराउंडरलाच किंमत आहे, दोन्ही कर. गेले तीन आठवडे बॉलिंग केली की कमरेत डाव्या बाजूला दुखतं, दुसऱ्या दिवशी कमी होतं. पुढच्या महिन्यात 19 वर्षांखालील जिल्हा संघाची निवड चाचणी आहे, म्हणून घरी आणि सरांना सांगितलेलं नाही. स्प्रे मारून खेळतोय. मी काय निवडू, आणि रोज किती प्रॅक्टिस करू?

उत्तर :

तू विचारलंस बॅटिंग की बॉलिंग, पण मी सुरुवात कमरेपासून करणार आहे. हे उत्तर वाचल्यावर संध्याकाळी नेटला जाणार असशील तर जा, पण एकही चेंडू टाकू नकोस. डॉक्टरांनी तपासून मोकळं करेपर्यंत बॉलिंग पूर्ण बंद. हळू नाही, अर्ध्या रनअपनेही नाही.

इतकं ठामपणे सांगण्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. तू उजव्या हाताने टाकतोस आणि दुखतं डावीकडे, फक्त बॉलिंग केल्यावर, आणि विश्रांती मिळाली की ओसरतं. तुझ्या वयाच्या वेगवान गोलंदाजात या गोष्टी एकत्र आल्या की पहिली शंका मणक्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरची घ्यायची असते. मणक्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना हाडाचा एक अरुंद पूल असतो, डॉक्टर त्याला 'पार्स' म्हणतात. चेंडू सोडताना तुझं शरीर एकाच क्षणी मागे वाकलेलं असतं, डावीकडे झुकलेलं असतं आणि वळतही असतं. त्याच वेळी पुढचा पाय क्रीजवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर चढतो. तो सगळा पिळा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या डाव्या पुलावर येतो. सोळाव्या वर्षी हा पूल पुरता पक्का झालेला नसतो, त्याची घडण विशीतही चालू असते. रोज थोडी झीज, रोज थोडी भर असा हाडाचा व्यवहार चालतो. झीज भरून येण्याआधीच पुढचा मारा झाला की आधी हाडाला आतून सूज येते, मग केसाएवढी चीर पडते, आणि तरीही खेळत राहिलं तर ती आरपार जाते. स्नायू आखडला असेल तर उत्तमच, पण ते घरी बसून ठरवता येत नाही.

तू मिरजेपासून फार लांब नसशील, म्हणजे हाडांचे डॉक्टर शोधायला पुण्या-मुंबईला जायला नको. शक्य असेल तर खेळाडूंच्या दुखापती पाहणारे डॉक्टर गाठा. त्यांना 'कंबर दुखते' एवढंच सांगू नकोस. वेगवान बॉलिंग करतो, उजवा हात, दुखणं डावीकडे, तीन आठवडे, दिवसाला साधारण इतके चेंडू, असं सगळं सांग. एक्स-रे चांगला आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही, कारण या दुखण्याची सुरुवातीची अवस्था एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. ती एमआरआयवर दिसते. तेव्हा एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं. तोवर स्प्रे बंद, वेदनाशामक गोळी घेऊन खेळणं बंद, आणि कुणाकडून कंबर चोळून किंवा मोडून घ्यायची नाही. स्प्रेने वेदना दबते, हाडावरचा मार तेवढाच राहतो. रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर उद्याची वाट बघू नकोस, आजच जा.

फक्त सूज असेल तर साधारणपणे तीन-चार महिन्यांची सुट्टी पडते, चीर असेल तर सहा महिने किंवा त्याहून जास्त. नेमका आकडा डॉक्टर सांगतील. हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल, कारण चाचणी पुढच्या महिन्यात आहे. म्हणून एक उदाहरण नीट वाच. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने नोव्हेंबर 2011 मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली तेव्हा तो 18 वर्षांचा होता. दुसऱ्या डावात 79 धावांत 6 बळी घेतले आणि विजयाचा फटकाही त्यानेच मारला. पुढची कसोटी तो खेळला मार्च 2017 मध्ये, रांचीला. मधली पाच वर्षं आणि चार महिने प्रामुख्याने पाठीच्या दुखापतींत गेले. त्याच कमिन्सने पुढे कर्णधार म्हणून 2023 मध्ये कसोटीचं जागतिक अजिंक्यपद आणि विश्वचषक, दोन्ही जिंकले. त्याच्यामागे एका क्रिकेट मंडळाचे डॉक्टर, फिजिओ आणि पैसा उभा होता. तुझ्यामागे आई-बाबा आणि सर आहेत, आणि त्यांच्यापासूनच तू हे लपवतोयस. 19 वर्षांखालील गटाची अजून दोन-तीन वर्षं तुझ्या हातात आहेत. एका चाचणीसाठी ती पणाला लावू नकोस. डॉक्टरांनी फलंदाजीला परवानगी दिली तर चाचणीला फलंदाज म्हणून जा आणि निवडकर्त्यांना स्वच्छ सांग की पाठीमुळे सध्या बॉलिंग करत नाही. परवानगी नसेल तर जाऊ नकोस.

आता सर आणि बाबा यांच्यातला वाद. तो वाटतो तितका मोठा नाही, कारण 'बॉलिंग ऑलराउंडर' या शब्दातच निवड केलेली आहे. ज्याला निव्वळ गोलंदाजीवर संघात घेता येईल आणि जो सातव्या-आठव्या क्रमांकावर भरवशाच्या धावा करेल, तो बॉलिंग ऑलराउंडर. दार गोलंदाजीने उघडतं. म्हणून सरांचं म्हणणं असं ऐक : तुझी पहिली ओळख गोलंदाज अशी ठरव. आणि बाबांचं असं : फलंदाजी सोडू नकोस, पण ती आठव्या क्रमांकाची कर.

या जागेचा अभ्यास करायला तुला लांब जायला नको, पालघरचा शार्दूल ठाकूर आहे. पालघरहून लोकलने मुंबईला येऊन खेळलेला मुलगा. शाळेत असताना हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार मारणारा, पण मुंबईच्या रणजी संघात शिरला तो गोलंदाज म्हणून. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी मिळाली आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने तो बाहेर गेला. पुढची संधी आली थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनच्या गॅबावर, तीही मुख्य गोलंदाज एकामागून एक जायबंदी झाले म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या 369 समोर भारत 6 बाद 186. तिथे शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी 123 धावा जोडल्या. शार्दूलच्या 67, सुंदरच्या 62. पिछाडी फक्त 33 वर आली. पण त्या सामन्याच्या आठवणीत बहुतेकांकडून एक गोष्ट सुटते : शार्दूलने त्याच कसोटीत पहिल्या डावात 3 आणि दुसऱ्या डावात 4, असे 7 बळी घेतले. त्या 67 धावांची गोष्ट आपण सांगतो, पण त्याला त्या सामन्यात उभं केलं होतं चेंडूने. सप्टेंबर 2021 मध्ये ओव्हलवर 57 आणि 60 धावा केल्या, आणि शेवटच्या दिवशी इंग्लंडची शतकी सलामी त्यानेच फोडली, पुढे रूटचा त्रिफळाही उडवला. जानेवारी 2022 मध्ये जोहान्सबर्गला 61 धावांत 7 बळी.

आता याच कारकिर्दीची दुसरी बाजू बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला त्याला आठव्या क्रमांकासाठी घेतलं, पण पहिल्या डावात षटकं मिळाली फक्त सहा. धावा झाल्या 1 आणि 4. पुढच्या कसोटीत तो बाहेर. मँचेस्टरला परत आला, 41 धावा केल्या, 11 षटकं टाकली आणि बळी मिळाला नाही. कर्णधार तुझ्या हातात चेंडू द्यायला कचरायला लागला की तू आठव्या क्रमांकाचा फलंदाज उरतोस, आणि त्या जागेवर तुझ्यापेक्षा चांगला फलंदाज संघाला कधीही मिळू शकतो. तेव्हा पाठ बरी झाली की तुझे साठ टक्के कष्ट चेंडूवर जायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजित आगरकरचं उदाहरण उलट्या दिशेने तेच सांगतं. 1998 मध्ये एकदिवसीय सामन्यांत त्याने 23 सामन्यांत 50 बळी पूर्ण केले, तो तेव्हाचा विक्रम होता. जुलै 2002 मध्ये लॉर्ड्सवर आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद 109. त्याआधी याच आगरकरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत सलग सात डावांत भोपळा मिळाला होता. कसोटीतली त्याची फलंदाजीची सरासरी 17 च्या आत राहिली. लॉर्ड्सवर शतक ठोकणाऱ्या हातांत कौशल्य नव्हतं असं कोण म्हणेल? पण आठव्या क्रमांकावर सातत्य हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. त्याकडे येतोच, आधी चेंडूंचा हिशेब.

'रोज किती प्रॅक्टिस करू' हा प्रश्न वेगवान गोलंदाजाने तासांत विचारायचा नसतो, चेंडूंत विचारायचा असतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. 14-15 वर्षांच्या मुलाला एका स्पेलमध्ये 6 आणि दिवसभरात 12 षटकं. 16-17 वर्षांच्या मुलाला स्पेलमध्ये 7 आणि दिवसात 18. म्हणजे तुला एका दमात 42 चेंडू आणि दिवसात 108. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढीच षटकं दुसऱ्यांनी टाकेपर्यंत पुन्हा चेंडू हातात घ्यायचा नाही. हा कमाल आकडा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. लागोपाठ तिसऱ्या दिवशी बॉलिंग करायची नाही, आणि आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही.

मोजायला बसलं की खरी गोम कळते. अकादमीतल्या मुलाचा साधारण आठवडा असा : मंगळवार, बुधवार, शुक्रवार नेटमध्ये 60-60 चेंडू. शनिवारी सामना, 10 षटकं. झाले 240. प्रत्येक वेळी सुरुवातीला 'हात मोकळा करायला' टाकलेले दहा-बारा चेंडू कुणी मोजत नाही. नेटमध्ये गोलंदाज कमी पडले म्हणून सीनियर मुलांना टाकलेल्या वीस-पंचवीस चेंडूंची तर गणतीच नाही. आणि रविवारी गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत दोन सामने, कडक जमिनीवर, साध्या बुटांनी, पूर्ण ताकदीने यॉर्कर. टेनिस बॉल हलका असतो, पण पाय आदळतो तो तेवढ्याच जोराने, आणि हलका चेंडू पळवायला शरीर जास्तच फेकलं जातं. सगळं धरलं तर 240 चे 320 होतात. तुझ्या सरांना 240 च माहीत असतात, घरच्यांना तर काहीच नाही.

म्हणून एक दोनशे पानी वही घे. तारीख, चेंडू (नेट, सामना, टेनिस बॉल वेगवेगळे), किती जोराने टाकले ते दहापैकी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती ते दहापैकी. एवढे चार रकाने पुरतात. दर रविवारी बेरीज कर आणि आदल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून बघ. दीडपटीच्या वर उडी गेली की पुढचा आठवडा उतरवायचा. आपल्याकडे मुलं मोडतात ती बहुतेकदा परीक्षेनंतर. समज, फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत 90 आणि 100 चेंडू, मग परीक्षेमुळे दोन आठवडे शून्य. सरासरी आली 47.5. सुट्टी लागते, शिबिर सुरू होतं, आणि पहिल्याच आठवड्यात मुलगा उत्साहाने 240 टाकतो. पाचपट! स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतात म्हणून त्याला वाटतं आपण ठणठणीत आहोत. हाडाची तक्रार तीन-चार आठवड्यांनी येते, तेव्हा तो शिबिराचा आठवडा कुणाला आठवतही नसतो. तुझं दुखणं सुरू झालं त्याच्या आधीच्या दीड महिन्यात तू काय काय खेळलास, ते आज आठवून लिहून काढ.

डॉक्टर आणि फिजिओ हिरवा कंदील देतील तेव्हाही थेट रनअपवर जायचं नाही. आधी उभ्याने हात फिरवून, मग दोन-तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपने, मग पूर्ण रनअप पण सत्तर टक्के जोराने. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड 24 चेंडू खूप झाले. दर आठवड्याला थोडे वाढवत पूर्ण जोरापर्यंत यायला सहा ते आठ आठवडे लागू दे. दुखलं तर एक पायरी मागे.

बॉलिंग बंद असेल त्या काळात तुझी अ‍ॅक्शन तपासून घे, हे काम सरांना फार आवडेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढलेले तुझे जुने व्हिडिओ असतील तर तेच बघा, एक मागून आणि एक बाजूने काढलेला. मागचा पाय टेकतो त्या क्षणी खांद्यांची रेषा कुठे आहे ते बघायचं, आणि मग पुढचा पाय टेकायच्या आत ती किती फिरते ते. कंबर आणि पाय समोर, खांदे मात्र आधी बाजूला वळून मग पुढे, अशी सरमिसळ असेल तर तिला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. खांदे 30 अंशांहून जास्त मागे फिरत असतील तर पाठीला धोका वाढतो. साईड-ऑन (शरीर बाजूला वळलेलं) चालेल, फ्रंट-ऑन (शरीर फलंदाजासमोर) चालेल, पण कंबर आणि खांदे एका दिशेला हवेत. दुसरी गोष्ट, चेंडू सोडताना तू डावीकडे किती कलतोस. डोकं पुढच्या पायाच्या बरंच बाहेर जात असेल तर रनअपचा कोन आणि मागच्या पायाचं टेकणं सुधारावं लागेल. मागचा पाय समोर पडत असेल तर खांदेही समोरच ठेवायला शिकणं हा सहसा सोपा मार्ग असतो. हे बदल सामन्यांच्या हंगामात करायचे नसतात, म्हणून ही सक्तीची सुट्टी वापर. रनअप लांब असेल तर तोही बघा. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने ऐन भरात रनअप आखडता घेतला, लोकांनी नावं ठेवली, पण पुढे तोच कसोटीत 400 बळी घेणारा पहिला गोलंदाज झाला आणि 1984 च्या इंग्लिश कौंटी हंगामात त्याने हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरीही केली. कपिल देव 131 कसोट्या खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही, हे खरं आहे. पण तो अपवाद आहे, त्याच्या जोरावर आपला कोटा ठरवायचा नाही.

आता फलंदाजी. शाळेसाठी तिसऱ्या नंबरवर खेळतोस ते चालू ठेव, नवा चेंडू खेळण्याची सवय पुढे कामाला येते. आर. अश्विन लहानपणी सलामीचा फलंदाज होता, तो पाया होता म्हणून त्याच्या नावावर 537 कसोटी बळींबरोबर 6 शतकं आहेत. पण नेटमध्ये तू आणि तुझ्यासारखी मुलं करतात काय, तर शेवटी दहा मिनिटं मिळतात आणि त्यात थकलेल्या गोलंदाजांना उचलून मारतात. आठव्या क्रमांकावर तसं वाढून ठेवलेलं ताट मिळत नाही. अनेक दिवसांच्या सामन्यात 80 षटकांनंतर दुसरा नवा चेंडू येतो, आणि तो खेळायला बऱ्याचदा सातवा, आठवा, नववा उभे असतात. गोलंदाज तुला 'शेपूट' समजतो, त्यामुळे पहिल्या दहा चेंडूंत दोन-तीन छातीवर येणार हे धरून चाल. म्हणून तुझ्या सरावात आखूड चेंडू आधी हवा. सरांना साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांडीने) किंवा जवळून थ्रो करून, सुरुवातीला टेनिस बॉलने, मग लेदरने, हेल्मेट घालून, 30 चेंडू छाती आणि खांद्याच्या उंचीवर टाकायला सांग. पहिला महिना फक्त सोडायला आणि हात खाली घ्यायला शीक, डोळे चेंडूवरून हलले नाहीत पाहिजेत. हूक नंतर.

मग परिस्थिती लावून खेळ. तीन प्रसंग घेतले तरी पुष्कळ. पहिला : 6 बाद 190, समोर जमलेला फलंदाज आहे. तुला 40 चेंडूंत बाद व्हायचं नाही, आणि दर षटकात एक धाव काढून त्याला स्ट्राइक द्यायची आहे. दुसरा : समोर अकरावा आहे. पहिल्या चार चेंडूंत चौकार किंवा दोन धावा शोधायच्या, पाचव्या-सहाव्यावर एकेरी काढून पुढच्या षटकाला स्वतःच समोर यायचं. क्षेत्ररक्षण पसरलेलं असताना एकेरी मिळणं सोपं, आणि शेवटच्या चेंडूला तेच आत येतं तेव्हा डोक्यावरून मारायची जागा तयार होते, हे नेटमध्ये शंकू ठेवून खेळायचं. तिसरा : मर्यादित षटकांचा सामना, शेवटचे 18 चेंडू, हव्यात 30 धावा. इथे तुझ्याकडे दोन हुकमी फटके असले तरी चालतात, एक समोर आणि एक लेगला, पण ते यॉर्कर चुकल्यावर बसले पाहिजेत.

पहिला प्रसंग अनेकांना कंटाळवाणा वाटतो. त्यांना 7 नोव्हेंबर 2023 चा वानखेडेवरचा सामना दाखवावा. अफगाणिस्तानविरुद्ध 292 धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया 7 बाद 91. ग्लेन मॅक्सवेलने नाबाद 201 केल्या, ते सगळ्या जगाने पाहिलं. दुसऱ्या टोकाला कमिन्स 68 चेंडू खेळला आणि नाबाद 12 वर राहिला. भागीदारी 202 ची. मॅक्सवेलला पेटके आल्याने पळता येत नव्हतं, तेव्हा कुणीतरी फक्त उभं राहणं हेच संघाचं काम होतं. तुझ्या वहीत आठव्या क्रमांकाच्या धावांशेजारी 'किती चेंडू खेळलो' आणि 'भागीदारी किती' हे दोन रकाने कर. धावांपेक्षा ते तुझी प्रगती जास्त खरी सांगतील.

आणखी एक, जे फार थोडी मुलं करतात : आठवड्यातून एकदा बॉलिंगनंतर फलंदाजी कर. सामन्यात तू 15 षटकं टाकून, दमून, जड पायांनी पॅड बांधणार आहेस. ताज्या दमाने केलेल्या सरावात हे कळत नाही की थकल्यावर तुझा पुढचा पाय पूर्ण जात नाही आणि बॅट उशिरा खाली येते. बाकी दिवशी मात्र फलंदाजी वेगळ्या वेळी ठेव. बरा झाल्यावर आठवडा साधारण असा बसव : सोमवारी पूर्ण सुट्टी, मंगळवारी 48 चेंडू आणि नंतर अर्धा तास फलंदाजी, बुधवारी व्यायाम आणि आखूड चेंडूंचा सराव, गुरुवारी 36 चेंडू आणि क्षेत्ररक्षण, शुक्रवारी फक्त फलंदाजी, शनिवारी सामना. रविवारी टेनिस बॉल खेळायचाच असेल तर फलंदाज म्हणून खेळ. मित्र नाराज होतील, होऊ देत.

व्यायामात जिमच्या आरशासमोरचे दंड नकोत. एका पायावरचे स्क्वॉट, नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, पिंढऱ्या, आणि दोन्ही बाजूंचा साइड प्लँक, हे तुझे मुख्य. कोणता कधी सुरू करायचा ते पाठीच्या निदानानंतर फिजिओ ठरवतील. खाण्याचं घरात आहे तेच पुरेसं आहे, प्रमाण बघ : दिवसाला दोन-तीन ग्लास दूध (ग्लासभर दुधात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम), नाचणीची भाकरी किंवा आंबील, रोज मोड आलेली मटकी, शेंगदाणे, खात असाल तर दोन-तीन अंडी. डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाची तपासणी विचारून घे. आणि झोप किमान आठ तास. हाड भरून येण्यासाठी विश्रांती आणि झोप लागतेच, त्याला पर्याय नाही.

बाबांचा मुद्दा राहिला. ऑलराउंडरला किंमत आहे, पण आयपीएलमध्ये 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आहे. जास्तीचा फलंदाज किंवा गोलंदाज मधेच आणता येतो, त्यामुळे दोन्ही थोडं थोडं येणाऱ्याची गरज तिथे घटली आहे. त्याचा अर्थ इतकाच की तुझं एक अंग इतकं पक्कं हवं की नियम कोणताही असो, तुझं नाव यादीत राहावं. मार्ग आपल्या राज्यात तीन संघटनांमधून जातो : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. सांगली महाराष्ट्र संघटनेत येतं. जिल्हा संघ, तिथून राज्याचा 19 वर्षांखालील संघ. त्या गटात एकदिवसीय सामन्यांसाठी विनू मांकड करंडक आहे आणि अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी कूचबिहार करंडक. पुढे 23 वर्षांखालील सी. के. नायडू करंडक आणि मग रणजी. तुझ्यासारख्याला कूचबिहार जास्त महत्त्वाचा, कारण दुसऱ्या-तिसऱ्या स्पेलमध्ये तू कसा टाकतोस हे तिथेच दिसतं. आणि ज्यांच्या नावाने तो एकदिवसीय करंडक आहे त्या विनू मांकडांनी 1952 मध्ये लॉर्ड्सवर एकाच कसोटीत 72 आणि 184 धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात 73 षटकं टाकून 5 बळी घेतले. ते फिरकी गोलंदाज होते, म्हणून 73 षटकं शक्य झाली. तू वेगवान आहेस, तुझा कोटा वेगळा.

आज रात्री जेवताना आई-बाबांना सांग. उद्या सरांना भेटताना वही सोबत ने आणि 'मला सांगायला उशीर झाला' एवढं म्हण, ते समजून घेतील. अशा दुखण्याने खेळ सुटलेली मुलं बहुतेक प्रशिक्षकांनी पाहिलेली असतात. तपासणी झाली की अहवालात काय आलं ते आणि गेल्या सहा आठवड्यांचे मोजलेले चेंडू, दोन्ही लिहून पाठव. त्यावरून परतीचा आठवड्याआठवड्याचा तक्ता कसा असावा ते याच सदरात मांडू.